थांबण्याचा खर्च

आपल्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी चार प्रश्न हमखास विचारतात. केवढ्याला पडली, ॲव्हरेज किती देते, पळते किती आणि हप्ता किती बसतो? ती किती अंतरात थांबते, असे विचारणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. गाडी मालट्रक असो, पिकअप असो, की हल्ली तालुक्याच्या प्रत्येक गावात दोनचार दिसणारी उंच, रुंद, दणकट जीप असो. तिच्या पळण्याची चर्चा चौकात होते आणि थांबण्याची चर्चा अपघात झाल्यावर पोलीस ठाण्यात होते. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा करायचा तर ब्रेक आणि कमानपाटे या दोन न दिसणाऱ्या वस्तूंवर पैसा खर्च करावा लागेल, आणि तो कुणी करायचा हेही ठरवावे लागेल.

मंगरूळपीरसारख्या गावात हा प्रश्न आजवर फारसा निकडीचा वाटला नाही. बिरबलनाथांचे मंदिर आणि दादा हयात कलंदरांचा दर्गा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाला रेल्वे नाही. आगगाडी गाठायची तर वाशीम गाठा, नाहीतर अकोला. त्यामुळे सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, खत, सिमेंट असे जे काही तालुक्यात येते आणि तालुक्यातून जाते, ते सारे रबरी चाकांवरून. मात्र जुना रस्ता आपल्या परीने आपली काळजी घेत असे. खड्डे, वळणे, आडव्या येणाऱ्या बैलगाड्या, गावोगावचे गतिरोधक यांनी ट्रकला फार वेग घेऊच दिला नाही. ज्या ट्रकचे ब्रेक निम्मे झिजले आहेत तोही त्या रस्त्यावर निभावून जाई. रस्ता वाईट होता म्हणून गाडीचे दोष झाकले जात होते, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल; पण ते खरे आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा सलग मार्ग तयार झाला. आमच्या तालुक्यातल्या शेलूबाजारला या मार्गावर चढता येते. कालपर्यंत जो पिकअप बाजार समितीच्या आवारातून निघून खड्डे चुकवत अकोल्याला पोचत असे, तो आज शेलूबाजारला वळण घेऊन सहापदरी काँक्रीटवर चढतो. तिथे सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची आणि मालवाहू गाड्यांना ८० ची मुभा आहे. रस्ता एका रात्रीत बदलला. गाडी मात्र तीच राहिली. तिचे लायनर तेच, ड्रम तेच, शॉकअप तेच आणि मालकाची सवयही तीच.

वेग आणि थांबणे यांचे नाते सरळ नाही, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळेच शिकतो आणि स्टिअरिंगवर बसल्यावर विसरतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी ६० वर जी गाडी वीस मीटरमध्ये थांबेल तिला १२० वर ऐंशी मीटर लागतात. ही झाली ब्रेक लागल्यापासूनची गोष्ट. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकाचाही एखादा सेकंद जातो, आणि १२० च्या वेगाने त्या एका सेकंदात मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते. ८० ने जाणारा भरलेला ट्रक घ्या. पहिल्या सेकंदात २२ मीटर, पुढे ब्रेक उत्तम असतील तर आणखी सुमारे ५०. म्हणजे सारे ठीक असतानाही सत्तर मीटरची मोकळी जागा हवी. ब्रेकची ताकद निम्मी असेल, तर त्या पन्नासचे शंभर होतात. पन्नास मीटरची ही तूट म्हणजे पुढच्या टोलनाक्यावरची सबंध रांग.

घाटाचा हिशेब याहून अवघड आहे. तीन आसांचा, आपण ज्याला दहाचाकी म्हणतो तो ट्रक, मालासकट २८.५ टनांचा असतो. ८० च्या वेगातून तो एकदा थांबवताना ब्रेकना जेवढी उष्णता पचवावी लागते, तिच्या दहापट उष्णता अडीचशे मीटर खोल उतार उतरताना निर्माण होते. वऱ्हाडातल्या वाचकांना मेडशीहून पातूरकडे उतरणारा घाट माहीत आहे. वाशीमच्या पठारावरून अकोल्याच्या सखल भागात उतरणाऱ्या प्रत्येक ट्रकला हे देणे चुकवावेच लागते. अडीचशे मीटर उतारावर तयार होणारी ही उष्णता पाण्यात सोडली, तर दोनशे लिटरचे पिंप उकळायला लागेल. लोणावळ्याहून खोपोलीला उतरणाऱ्या बोरघाटात अशी दोन पिंपे उकळतात. इंजिनाने, वाऱ्याने आणि टायरांनी यातला काही भाग उचलला तर ठीक. उरलेली सारी उष्णता लोखंडी ड्रम आणि त्याला घासणारे लायनर यांनाच सोसावी लागते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. चालक पेडल दाबतो, गाडी आधीसारखी दबत नाही. तो आणखी दाबतो, ड्रम आणखी तापतो. घाटाच्या शेवटच्या वळणावर जो प्रसंग घडतो त्याची सुरुवात पहिल्या वळणावर झालेली असते.

यावरचा जुना उपाय प्रत्येक ट्रकचालकाला ठाऊक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, म्हणजे इंजिन गाडीला मागे खेचून धरते. परंतु डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, कधी इंजिनच बंद करण्याची खोड आपल्या रस्त्यांवर मुरलेली आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका टँकरने ४८ गाड्यांना धडक दिली. पहिली बातमी ब्रेक निकामी झाल्याची होती. प्राथमिक तपासात मात्र उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचे पुढे आले. इंजिन बंद म्हणजे हवेच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर बंद, स्टिअरिंगची मदत बंद आणि इंजिनाचा आधारही बंद. गंमत अशी की आजची संगणकनियंत्रित डिझेल इंजिने उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपणहून तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट ते इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे डिझेल पीतच राहते. ज्या बचतीसाठी माणसे मरतात, ती बचत नव्या गाड्यांत उरलेलीच नाही. त्याच नवले पुलाच्या परिसरात १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा एका अवजड वाहनाने पुढच्या गाड्यांना चिरडले, आग लागली आणि आठ जण गेले.

‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द आपल्या बातम्यांत वीज पडल्यासारखे येतात. वीज कुणी पाडत नाही, म्हणून कुणाला जबाबदारही धरता येत नाही. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर असाच एक भरलेला ट्रक पुढच्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. बातमीत कारण दोन शब्दांचे होते. त्याच्या तीनच दिवस आधी, १ जुलैला, समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मेले. तिथे चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांना तसा पुरावा दिसला नाही. यंत्रावर ढकलले की माणसे सुटतात. पण यंत्रातले दोषही कुणीतरी जन्माला घालतो, कुणीतरी पोसतो, हे आपण विचारात घेत नाही.

ट्रकच्या हवेच्या ब्रेकची रचना पाहिली तर हे स्पष्ट होते. मागच्या चाकांवर एक जबरदस्त स्प्रिंग असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. गळती होऊन हवा गेली, तर ती स्प्रिंग सुटते आणि चाके आवळते. म्हणजे हवा संपली की गाडी पळत सुटणार नाही, जागीच अडेल, अशी तिची बांधणी आहे. मग तरीही ब्रेक का लागत नाहीत? लायनर झिजून रिबिटांपर्यंत आलेले असतात. ड्रमला चर पडलेले असतात. लायनर झिजेल तसे अंतर जुळवून घेणारा स्लॅक ॲडजस्टर महिनोन्महिने कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे ब्रेकचा दांडा आपली सारी धाव संपवतो तरी लायनर ड्रमला नीट टेकत नाही. हबचे ग्रीस ओघळून लायनरवर बसलेले असते. यातली एकही गोष्ट एका दिवसात होत नाही. चाक उघडून पाहणाऱ्याला ती दिसते, आणि चाक उघडण्याचा खर्च वाचवणाऱ्याला अपघातानंतर दिसते.

आता कमानपाट्यांकडे वळू. आमच्याकडे हंगामात गॅरेजवाल्याला हमखास सांगितले जाते, ‘‘मागे एक पाटा जास्तीचा टाकून देजो, भाऊ.’’ जास्तीचा पाटा म्हणजे जास्तीचा माल. गाडी बसत नाही, चाक मडगार्डला घासत नाही, वजनाचा भार बाहेरून दिसतही नाही. मालकाला वाटते, गाडी मजबूत झाली. प्रत्यक्षात ती ओझे वाहायला मजबूत झाली, थांबायला नाही. कंपनीने ब्रेक जेवढ्या वजनासाठी दिले होते तेवढेच ते राहिले.

यात एक बारकी मेख आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. पुष्कळ पिकअपमध्ये आणि ट्रकमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो ओझ्याचा अंदाज घेतो. गाडी रिकामी असेल तर मागच्या ब्रेकना कमी जोर देतो, म्हणजे हलकी चाके जाम होऊन घसरत नाहीत. गाडी भरली आणि पाटे दबले की तो पूर्ण जोर सोडतो. जास्तीचे पाटे टाकले की गाडी भरूनही दबत नाही. व्हॉल्व्हला वाटते ती रिकामीच आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा जोर आखडून धरतो. म्हणजे ज्या दिवशी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवशी ते सर्वांत कमी लागतात. रिकाम्या परतीचेही तसेच. कडक पाट्यांवर रिकामी गाडी उसळत चालते. चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि अधांतरी चाकाला ब्रेक लावून उपयोग काय?

ओझ्याची मर्यादा सरकारनेही वाढवली आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने चार टायरांच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली आणि तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर. नव्या गाड्या त्या हिशेबाने तयार झाल्या. पण कागदावर वाढलेल्या टनांबरोबर जुन्या गाड्यांचे लायनर जाड झाले नाहीत. चाके जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा अवजड गाड्यांना २०१५ पासून सक्तीची झाली. त्याआधीचे ट्रक आजही रस्त्यावर आहेत, आणि नव्या ट्रकांतही ही यंत्रणा बिघडल्याचा दिवा लागला की दुरुस्तीऐवजी दिव्याची वायर तोडणारे महाभाग आहेत.

ट्रकवाल्यांना एवढे बोल लावल्यावर उंच जीपवाल्यांना मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. दोन टनांच्या आसपास वजनाची, शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली ही वाहने आता खेड्यापाड्यांतली प्रतिष्ठेची खूण झाली आहेत. प्रतिष्ठा वाढवायची म्हणजे गाडी उंच करायची. स्प्रिंगा बदलून ती तीन-चार इंच उचलायची, खाली रुंद आणि थोराड टायर बसवायचे. दिसायला रुबाब येतो. पण टायर व्यासाने दहा टक्के मोठा झाला की तोच ब्रेक रस्त्यावर जवळजवळ दहा टक्के कमी जोर देतो. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरोखर ११० ने जात असते. वेग जास्त, ब्रेक कमी आणि चालकाला दोहोंचाही पत्ता नाही! गाडी उचलल्याने तिचा गुरुत्वमध्य वर जातो. अचानक रेडा किंवा रोही आडवा आला आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवले, तर ती लोळण घेण्याचा संभव वाढतो. वर सांगितलेला ओझे ओळखणारा व्हॉल्व्ह ज्या गाडीत आहे ती नुसती उंच केली तरी त्याची फसगत होते. मोठे हॉर्न, दिवे, लोखंडी बंपर यांवर लाखभर रुपये हौसेने घालणारा मनुष्य ब्रेक ऑइल कधी बदलले होते हे सांगू शकत नाही. ते तेल हवेतला ओलावा शोषते, दोनएक वर्षांत त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि एखाद्या लांब उतारावर ते उकळले की पेडल पायाखाली मऊ होऊन तळाला जाते.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून ब्रेक सुधारणे याचा अर्थ परदेशी मासिकात पाहिलेला भलामोठा डिस्क आणून ठोकणे असा कुणी घेऊ नये. आपल्या देशात सुधारणा या शब्दाचा अर्थ साधा आहे. कंपनीच्या मापाचे अस्सल लायनर आणि पॅड, चर पडलेले ड्रम आणि डिस्क बदलणे, वेळच्या वेळी तेल, जिवंत शॉकअप, दोन्ही बाजूंना सारखे पाटे, योग्य मापाचे टायर आणि त्यात योग्य हवा. शॉकअप हे केवळ कंबर वाचवण्याचे साधन नाही. चाक रस्त्याला चिकटवून ठेवणे हे त्याचे पहिले काम आहे. मेलेल्या शॉकअपवर उत्तम ब्रेकही लंगडे पडतात.

हे सारे इतके साधे आहे, तर होत का नाही? इथे मला माझ्या जुन्या व्यवसायाची भाषा वापरावी लागेल. नोकरीच्या काळात वाहनकर्जाचे कागद टेबलावरून पुष्कळ गेले. त्या कागदांचा नमुना पाहण्यासारखा असतो. कोटेशन, मार्जिन, जामीनदार, विमा, नोंदणी पुस्तकावर नजरगहाणाचा शिक्का, जुनी गाडी असेल तर मूल्यांकनाचा अहवाल. त्या अहवालात इंजिन क्रमांक असतो, चासी क्रमांक असतो, टायरांची स्थिती असते, रंगसुद्धा असतो. ब्रेकचा रकाना मला कुठल्याही नमुन्यात आढळला नाही. टायर पाहतात, कारण टायर विकता येतात. झिजलेल्या लायनरला बाजारभाव नाही, म्हणून अहवालात त्याला जागा नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. एका ट्रकच्या मालकाने, जो बहुधा कालचा चालकच असतो, २५ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर त्याचा मासिक हप्ता सुमारे ५३ हजार होतो. हप्ता ठरलेल्या तारखेला जातो. विमा ठरलेल्या तारखेला. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता रोजचे रोख. तीन महिने हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि वसुलीवाले दारात येतात. लायनर थकले तर दारात कुणी येत नाही. हंगाम गेला, भाडे पडले, परतीचा माल मिळाला नाही, की माणूस जो खर्च पुढे ढकलला तरी चालतो तोच आधी ढकलतो. हा मालक वाईट मनुष्य नसतो. सगळी देणी तारखेची आणि एकच देणे बिनतारखेचे, अशी त्याच्या खात्याची रचना आहे. आणि ते बिनतारखेचे देणे शेवटी रस्त्यावरचा कुणी तिसराच फेडतो. त्या तिसऱ्याची सही कर्जाच्या कुठल्याच कागदावर नसते.

याच्या शेजारी रेल्वे ठेवून पाहा. आपली मालगाडी ब्रेक पॉवर सर्टिफिकेट नावाच्या कागदाशिवाय सुटत नाही. डब्यांचे ब्रेक तपासून तो कागद तयार होतो, तपासणाऱ्याची त्यावर सही असते आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात तो असतो. ट्रकच्या बाबतीत पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि पुढे वर्षातून एकदा योग्यता प्रमाणपत्र लागते. खाजगी जीपला तेवढेही नाही. नोंदणीची पंधरा वर्षे संपेपर्यंत तिचे ब्रेक सरकारी डोळ्यांना दिसत नाहीत. तिचा धूर मात्र नियमाने तपासला जातो. धुराचा कागद नसेल तर दंड, ब्रेकचा कागद मुळात अस्तित्वातच नाही, अशी ही व्यवस्था.

आणि जी तपासणी आहे ती तरी कशी? अगदी गाडी चालवून ब्रेक लावून पाहण्यासाठी २५० मीटरचा पट्टा प्रत्येक परिवहन कार्यालयाकडे असावा, एवढ्या मागणीसाठी या राज्यात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जनहित याचिका न्यावी लागली. २०१७ मध्ये न्यायालयाने पट्टा नसलेल्या कार्यालयांत योग्यता प्रमाणपत्रे देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा कुठे पट्ट्यांच्या जागा सापडू लागल्या. २०२१ मध्ये केंद्राने यंत्रचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराचा आहे हे तिथे आकड्यात कळते. साहेबांच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. अवजड वाहनांसाठी ही तपासणी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची व्हायची होती, ती तारीख पुढे १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. ब्रेक तपासण्याच्या कामालाच आपण पुन्हा पुन्हा ब्रेक लावतो.

कुणी म्हणेल, अपघातांचे खरे कारण वेग आहे, ब्रेक नव्हे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. आकडा खरा आहे. परंतु अतिवेग म्हणजे तरी काय? थांबता येईल त्याहून जास्त तो अतिवेग. चांगल्या ब्रेकच्या रिकाम्या गाडीला जो वेग साजतो, तोच झिजलेल्या ब्रेकच्या भरलेल्या गाडीला अति होतो. वेग आणि ब्रेक ही एकाच खात्याची जमा आणि नावे बाजू आहे. आपण अपघाताच्या रकान्यात फक्त एक बाजू लिहितो.

काय करता येईल? थोर योजनांची गरज नाही. जुन्या ट्रकला किंवा पिकअपला कर्ज देताना बँका आणि वित्तसंस्था यांनी रोलर चाचणीचा आकडा मागावा, आणि ब्रेक व पाट्यांच्या दुरुस्तीची रक्कम त्याच कर्जात मिळवून हप्त्यात बसवावी. पाच वर्षांत विभागलेली ती रक्कम मालकाला जाणवणारही नाही. बँकेचे तारण मात्र सुरक्षित होईल. विमा कंपन्यांनी चांगल्या चाचणीला हप्त्यात सूट द्यावी, कारण पैसे त्यांचेच वाचणार आहेत. बाजार समित्या, जिनिंग, डाळ मिल आणि गोदामे यांच्या दारात वजनकाटा आधीच आहे. मर्यादेबाहेर भरलेली गाडी काट्यावरूनच परत फिरवायला नवा कायदा लागत नाही, फक्त धीर लागतो. माल पाठवणाऱ्याने भाड्यात दोनपाच रुपयांची घासाघीस करताना, आपण नेमके कशातले पैसे कापतो आहोत, याचा विचार करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ब्रेक धड नसतील तर गाडी काढणार नाही असे म्हणणाऱ्या चालकाची नोकरी जाऊ नये. आज पहिला दोष कळतो त्याला, पहिला मार बसतो त्याला आणि पहिला गुन्हाही दाखल होतो त्याच्यावर. मात्र लायनर बदलायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो.

हौशी जीपवाल्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, गाडीवर आणखी पन्नास हजार घालायचेच असतील तर ते खाली घाला. ते कुणाला दिसणार नाहीत. पण तुमच्या मागच्या सीटवर बसलेल्या नातवाला त्यांचा उपयोग होईल.

आपल्याकडे दसऱ्याला वाहनांची पूजा होते. गाडी धुतली जाते, झेंडूचा हार चढतो, आंब्याची डहाळी लागते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. नेमका तोच आपल्याकडे सोयाबीन घरी येण्याचा, गाड्या भरभरून निघण्याचा काळ असतो. या पूजेत एका गोष्टीची भर घालावी. हार घालण्याच्या आदल्या दिवशी चारही चाके, दहाचाकी असेल तर दहाही, उघडून आतले लायनर मालकाने आणि चालकाने मिळून पाहावेत. झिजले असतील तर बदलावेत. लिंबू त्यानंतर खुशाल ठेवावे.